रेषा जाते कुठे? : गायतोंडे यांच्या चित्रांतील कडेचा प्रश्न

वासुदेव गायतोंडे यांच्या चित्रांविषयी मराठीत जे लिहिले-बोलले जाते, त्यात 'मौन' हा शब्द फार लवकर येतो. त्याच्या मागोमाग 'ध्यान', 'शून्य', 'झेन' असे शब्द येतात आणि मग प्रत्यक्ष चित्राकडे पाहण्याचे काम जवळजवळ संपतेच. हे शब्द निराधार आहेत असे नव्हे. गायतोंडे झेन विचाराकडे आकृष्ट झाले होते. निसर्गदत्त महाराजांविषयी त्यांना आस्था होती. ते थोडे बोलत, आणि वर्षाकाठी मोजकीच चित्रे पूर्ण करीत. परंतु चित्रकाराच्या स्वभावाचे वर्णन हे चित्राचे वर्णन नव्हे. मितभाषी माणसाचे चित्र शांतच असेल असे नाही. आणि एखादे चित्र शांत वाटत असेल, तर ती शांतता रंगाच्या कोणत्या थरातून आणि कोणत्या कडेतून निर्माण झाली हे सांगितल्यावाचून समीक्षकाची सुटका नाही. कवीच्या विरक्तीचे दाखले देऊन त्याच्या ओळीची लय सिद्ध करू पाहणाऱ्या समीक्षेला साहित्याच्या क्षेत्रात आपण केव्हाच मागे टाकले आहे. चित्रकलेविषयी लिहिताना मात्र तीच पद्धती आपल्याला अजून चालते, ही गोष्ट चमत्कारिक आहे.

या लेखाला एक लहानसा प्रसंग निमित्त झाला आहे. काही वर्षांपूर्वी कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतील एका छोट्या सभागृहात प्रस्तुत लेखकाने अमूर्त चित्रकलेवर पारदर्शिका दाखवून व्याख्यान दिले होते. श्रोत्यांत बहुतेक विद्यार्थी होते. मागच्या रांगेत एक वयस्क, निवृत्त चित्रकला-शिक्षक बसले होते. गायतोंडे यांची चित्रे संपल्यावर ते उठले आणि म्हणाले, "सर, रंग कळला. पण ह्यात ड्रॉइंग कुठं हाय?" सभेत थोडा हशा झाला. व्याख्यात्याला अशा वेळी हशा सोयीचा असतो. मी काहीतरी ठरीव उत्तर दिले : रेषेच्या बंधनातून रंगाची मुक्ती, वगैरे. घरी परतताना जाणवले की प्रश्न विचारणाऱ्याने चित्र माझ्यापेक्षा अधिक लक्ष देऊन पाहिले होते. त्या प्रश्नाचे उत्तर मला तेव्हा देता आले नाही. आज ते देण्याचा प्रयत्न करीत आहे.

रूढ समज असा आहे की गायतोंडे यांचा प्रवास हा रेषेकडून रंगाकडे झालेला प्रवास आहे. वरवर पाहता त्याला आधारही आहे. १९२४ साली नागपुरात जन्मलेला, गिरगावातील चाळीत वाढलेला हा चित्रकार १९४८ मध्ये सर ज. जी. कलाशाळेतून पदविका घेऊन बाहेर पडला तेव्हा त्याच्यासमोर भारतीय लघुचित्रांचा आदर्श होता. लघुचित्रात रेषा आणि रंग यांचे नाते स्पष्ट आणि करारासारखे असते. रेषा कुंपण घालते, रंग त्या कुंपणाच्या आत सपाट पसरतो. कुंपण ओलांडण्याची परवानगी त्याला नसते. गायतोंडे यांच्या आरंभीच्या मानवाकृतींमध्ये हा करार पाळलेला दिसतो. १९५० च्या सुमारास प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपशी त्यांचा संबंध आला आणि त्याच सुमारास पॉल क्ले यांच्या चित्रांचे आकर्षणही वाढले. क्ले यांच्याकडची रेषा कुंपण घालण्याचे काम सोडून स्वतःच फिरायला निघते, वाटेत वस्तू भेटली तर तिला स्पर्श करते, नाही भेटली तरी तिचे अडत नाही. १९५० च्या दशकातील गायतोंडे यांच्या चित्रांत ही मोकळी झालेली रेषा आहे, आणि तिच्याखाली रंगाचे चौकटीवजा तुकडे आहेत. म्हणजे करार सुटला आहे, पण दोन्ही पक्ष अजून वेगवेगळे ओळखू येतात.

त्यानंतर, १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून, ओळखू येणारी रेषा कमी कमी होत जाते. टोकियोतील तरुण आशियाई कलावंतांच्या प्रदर्शनात १९५७ साली त्यांना पारितोषिक मिळाले. पुढे भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमधील स्टुडिओत जी चित्रे झाली त्यांत आकृती नाही, शीर्षक बहुधा नाही, आणि रूढ अर्थाने रेखाटनही नाही. त्यांनी स्वतः आपल्या चित्रांसाठी 'अमूर्त' या अर्थाच्या शब्दापेक्षा 'वस्तुनिरपेक्ष' या अर्थाचा शब्द पसंत केला. हा शब्दभेद आपल्याकडे फारसा मनावर घेतला गेलेला नाही. 'अमूर्त' म्हटले की आधी काहीतरी मूर्त होते आणि त्यातून सार काढून घेतले, असे सूचित होते. 'वस्तुनिरपेक्ष' या शब्दात अशी काढून घेण्याची क्रिया नाही. रेषेबाबतही तेच म्हणता येईल काय? रेषा काढून टाकली, की रेषेला वस्तूची अपेक्षा राहिली नाही? या दोन गोष्टी एक नव्हेत.

इथे साधनांचा विचार अपरिहार्य होतो. गायतोंडे यांनी कुंचल्याचे महत्त्व कमी केले. रंगाचा थर ते रोलरने देत, पॅलेट नाइफने ओढत आणि खरवडत. वर्तमानपत्राचे किंवा नियतकालिकाचे फाडलेले कागद ओल्या थरावर दाबून ते उचलून घेत. कागद उचलला की त्याच्याबरोबर काही रंग निघून येतो आणि खालचा थर जागोजागी उघडा पडतो. या उघड्या पडलेल्या जागेला कड असते. ही कड कोणी 'काढलेली' नसते. ती कागदाच्या फाटलेल्या टोकाची, थराच्या ओलेपणाची आणि दाबाच्या प्रमाणाची मिळून झालेली असते. जवळ जाऊन पाहिले तर ती कुठे धारदार, कुठे विरलेली, कुठे दोन थरांच्या मधोमध लटकलेली दिसते. दूर गेले की तीच आकाराची सीमा वाटते, आणखी दूर गेले की नुसता प्रकाशाचा फरक. हाताने ओढलेली रेषा इतकी अंतरावलंबी नसते. ती दुरून बारीक होते, एवढेच.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की गायतोंडे यांच्या चित्रांत रेषा नाहीशी झालेली नाही, तिचे स्थलांतर झाले आहे. ती हातातून निघून थरांमध्ये गेली आहे. पूर्वी रेषा आधी येई आणि रंग तिच्या हद्दीत वसे. आता रंग आधी येतो, आणि एका रंगाने दुसऱ्याला जागा देताना जे घडते त्याचे नाव रेषा. तिला 'कड' म्हणणे मला अधिक बरे वाटते, कारण 'रेषा' या शब्दात ओढणारा हात गृहीत आहे.

आता त्या शिक्षकांच्या प्रश्नाकडे वळू. कोल्हापूरच्या चित्रपरंपरेत वाढलेल्या माणसाला ड्रॉइंग म्हणजे बाह्यरेषा नव्हे, हे बाहेरच्यांना सहसा माहीत नसते. कोल्हापूरचे वास्तववादी चित्रण म्हणजे हुबेहूब नक्कल, अशी एक सोपी समजूत मुंबई-पुण्याच्या कलाविषयक लेखनात आढळते. प्रत्यक्षात निसर्गचित्रणाच्या शिक्षणात इथला विद्यार्थी जे पहिल्या काही धड्यांत ऐकतो ते असे की निसर्गात रेघ नसते. दोन छटा जिथे भेटतात तिथे आपल्याला रेघ दिसते. रंकाळ्याच्या काठावर जलरंगाचा कागद घेऊन बसलेल्या मुलाला आकाश आणि पाणी यांच्यामधली सीमा पेन्सिलीने आखू दिली जात नाही. ओल्यावर ओला रंग सोडून, तो कुठे थांबतो हे पाहून, किंवा पहिला थर वाळण्याची वाट पाहून दुसरा त्याच्या शेजारी ठेवून ती मिळवायची असते. म्हणजे कड ही निर्णयाइतकीच संयमाचीही बाब आहे.

आबालाल रहिमान यांच्या निसर्गचित्रांत ही गोष्ट फार स्पष्ट दिसते. सर ज. जी. कलाशाळेत शिकून आलेला आणि शाहू महाराजांचा आश्रय लाभलेला हा चित्रकार कोटितीर्थाच्या परिसरात राहिला, आणि पाणी, धुके, सकाळ-संध्याकाळचा प्रकाश हे त्याचे विषय झाले. महाराजांच्या निधनानंतर (१९२२) त्यांनी आपली कितीतरी चित्रे कोटितीर्थाच्या पाण्यात सोडून दिली, असे कोल्हापुरात सांगतात. ही कथा शब्दशः खरी की तिच्यात भर पडली, हा प्रश्न इथे गौण आहे. मात्र पाण्याच्या कडेचा एवढा विचार करणाऱ्या चित्रकाराविषयी गावाने नेमकी हीच कथा जपावी याचे मला नेहमी नवल वाटते. १९३१ मध्ये ते निवर्तले. जी चित्रे उरली, त्यांत झाडाच्या बुंध्याची एक बाजू प्रकाशात विरून जाते आणि दुसरी बाजू सावलीतल्या झुडपाशी एकरूप होते; तरीही बुंधा उभा आहे याविषयी शंका राहत नाही. 'ड्रॉइंग' ते हेच. आकार दाखवण्यासाठी त्याला सर्व बाजूंनी बंद करावे लागत नाही, याची ती जाण असते.

या दृष्टीने पाहिले तर प्रौढ गायतोंडे क्ले यांच्यापेक्षा या जलरंगी परंपरेला जवळचे ठरतात. हे विधान ऐतिहासिक प्रभावाचे नाही. तसा काही दुवा दाखवण्याचा माझा हेतू नाही. हे विधान कडेच्या स्वरूपाविषयी आहे. अमेरिकन चित्रकार मॉरिस ग्रेव्हज यांनी १९६३ च्या सुमारास गायतोंडे यांचे काम पाहिले, तेव्हा त्यांनाही या वस्तुनिरपेक्ष चित्रांसाठी मनाची आणि प्रकाशाची निसर्गदृश्ये अशाच धर्तीचे शब्द सुचले होते. १९६० च्या दशकातील कित्येक चित्रांत क्षितिजासारखा एक आडवा पट्टा दिसतो आणि प्रेक्षक चटकन समुद्र, धुके, पहाट असे काहीबाही पाहू लागतो. तसे पाहण्यात चूक आहे असे मला वाटत नाही. चूक होते ती तिथेच थांबण्यात.

कारण फरकही तितकाच महत्त्वाचा आहे. आबालाल यांच्या चित्रातील विरलेली कड शेवटी बुंध्याची असते. ती कितीही धूसर झाली तरी आपली नजर तिला वस्तूच्या हवाली करते, आणि वस्तू ओळखू आली की कडेचे काम संपते. गायतोंडे यांच्याकडे कड कोणाच्याही हवाली होत नाही. नजर तिच्यावरून पुढे जाते, दुसऱ्या थरात शिरते, आणि ज्याला आपण पार्श्वभूमी समजत होतो तीच पुढे आल्याचे लक्षात येऊन परत फिरते. हे जाणे-येणे वेळ खाते. या चित्रांसमोर वेळ लागतो असे सगळेच म्हणतात आणि त्याला ध्यान म्हणून मोकळे होतात. पण हा वेळ चित्रातील एका विशिष्ट रचनेने मागून घेतलेला असतो. वस्तूची अपेक्षा नसलेली कड वाचून संपत नाही, हे त्याचे साधे कारण आहे.

मराठी सौंदर्यविचाराला या ठिकाणी एक अडचण येते आणि ती टाळून पुढे जाता येणार नाही. अमूर्त चित्रकलेच्या समर्थनासाठी आपल्याकडे सर्वात जवळचे शस्त्र म्हणजे मर्ढेकरांचा लयसिद्धान्त. कलाकृतीचे सौंदर्य तिच्या विषयात नसून संवेदनांच्या संघटनेत असते, आणि ही संघटना संवाद, विरोध आणि समतोल या तत्त्वांनी होते, ही त्यांची भूमिका आकृती नसलेल्या चित्राला आयतीच लागू पडते असे वाटते. रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसे'त (१९७४) लौकिकतावाद आणि अलौकिकतावाद यांची जी मांडणी केली, तीत हा विचार अलौकिकतावादाच्या बाजूला पडतो; आणि गायतोंडे हे त्या बाजूचे आदर्श उदाहरण ठरावे, अशी कोणाचीही अपेक्षा होईल.

परंतु लयतत्त्व वापरण्यासाठी आधी घटक लागतात. संवाद कशाचा कशाशी? विरोध कोणात? एक रंगसंवेदना आणि दुसरी रंगसंवेदना, एक रेषा आणि तिच्याशी मिळती किंवा विरोधी दुसरी रेषा, असे सुटे करून दाखवता येणारे काही असेल तरच त्यांच्या संबंधांविषयी बोलता येईल. १९५० च्या दशकातील गायतोंडे यांच्या चित्रांचे असे विश्लेषण छान करता येते. मी स्वतः विद्यार्थ्यांसमोर ते केले आहे. पुढच्या चित्रांपाशी मात्र ते अडते. इथे रेषा हा रंगाशेजारी ठेवलेला दुसरा घटक नाही. ती रंगाच्या दोन थरांमधल्या संबंधाचेच दृश्य रूप आहे. ज्याला सिद्धान्त संबंध म्हणतो तेच इथे घटक होऊन बसले आहे. शिवाय एका थरातून दुसरा दिसत असल्यामुळे 'हा रंग' म्हणून बोट ठेवावे असा रंगही हाती लागत नाही. पिवळ्याखाली करडा आहे, करड्याखाली आणखी काही, आणि डोळ्याला जे मिळते ते या सगळ्यांचे मिळून.

यावरून मर्ढेकरांचा सिद्धान्त चुकीचा ठरतो असा निष्कर्ष कोणी काढू नये. त्याची व्याप्ती मात्र निश्चित होते. ज्या कलाकृतीत घटकांची ओळख संबंधांच्या आधी होते, तिथे तो उत्तम चालतो. जिथे संबंधातूनच घटक जन्माला येतात, तिथे त्याला आपली परिभाषा पुन्हा घडवावी लागेल. साहित्याच्या अभ्यासकाला हा पेच अनोळखी नसावा. प्रतिमा आधी आणि तिची इतर प्रतिमांशी लय नंतर, असे मानून केलेले कवितेचे वाचन नवकवितेच्या काही नमुन्यांपाशी असेच थांबते, कारण तिथे दोन प्रतिमांच्या मधल्या फटीतच जे काय घडायचे ते घडते. चित्रकलेवरचा लेख साहित्यसमीक्षेच्या नियतकालिकात देण्याचे धाडस मी केले ते काहीसे याच कारणासाठी.

तुलनेसाठी दोन नावे घ्यावीशी वाटतात. अकोल्याचे अंबादास (१९२२–२०१२) यांच्या चित्रांत कुंचल्याचा वाहता, वळसे घेणारा फटकारा हाच एकाच वेळी रेषा आणि रंग असतो. तिथेही दोन्ही वेगळे करता येत नाहीत, पण हात शेवटपर्यंत दिसत राहतो. गायतोंडे यांनी नेमका हा हात दृष्टीआड केला. प्रभाकर बरवे (१९३६–१९९५) यांची दिशा उलटी आहे. त्यांची रेषा स्वच्छ, जवळजवळ आलेखासारखी. वस्तू तिने अचूक बांधलेली असते, आणि संशयास्पद होतो तो वस्तूभोवतीचा अवकाश. 'कोरा कॅनव्हास' (१९९०) या पुस्तकामुळे बरव्यांच्या विचारप्रक्रियेविषयी मराठी वाचकाला बरेच कळले. गायतोंडे यांनी असे काही लिहून ठेवले नाही, आणि ती पोकळी आपण 'मौन' या शब्दाने भरून काढली, असाही संशय येतो.

त्यांच्या सर्वच चित्रांत हे स्थलांतर सारख्याच ताकदीने झाले आहे असे मात्र मला वाटत नाही. दिल्लीला स्थायिक झाल्यानंतरच्या काळात, म्हणजे १९७२ नंतर, उभ्या कॅनव्हासच्या मध्यभागी लिपीसारखी, कधी चित्रलिपीसारखी रूपे दिसू लागतात. पुढे वर्तुळे आणि दोन्ही बाजूंचा समतोल साधणाऱ्या रचनाही येतात. यांतील उत्तम चित्रांत ही रूपे थरातून नुकतीच वर आल्यासारखी किंवा आत बुडता बुडता थांबल्यासारखी आहेत. पण काही चित्रांत ती चिन्हांसारखी स्थिर होतात. प्रेक्षकाला मग ती वाचावीशी वाटतात, आणि वाचण्याजोगे तिथे काही नसल्यामुळे चित्र गूढतेचा आभास देऊन थांबते. कड पुन्हा रेषा होते, तीही सजावटीची. गायतोंडे यांच्याविषयीचा आजचा आदर पाहता हे बोलणे कदाचित रुचणार नाही. २०१३ साली मुंबईतील लिलावात त्यांच्या एका चित्राला २३ कोटींहून अधिक किंमत आली, २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने त्यांचे मोठे सिंहावलोकनात्मक प्रदर्शन भरवले, आणि तेव्हापासून चित्राचित्रांत डावे-उजवे करणे जवळजवळ असभ्यपणाचे ठरले आहे. समीक्षेने तेवढा असभ्यपणा पत्करला पाहिजे.

मुंबई-दिल्लीपासून दूर राहणाऱ्यांची या चित्रकाराशी ओळख बहुधा पारदर्शिका आणि छापील प्रतिमा यांच्यावरूनच होते, हेही इथे नोंदवले पाहिजे. प्रतिमेत रंगाची छटा थोडीफार येते. थराची जाडी, खरवडल्याचा खडबडीतपणा, उचललेल्या कागदाने मागे ठेवलेली कड हे काहीच येत नाही. त्या सभागृहात मी ज्याला गायतोंडे म्हणून दाखवीत होतो, त्यातून नेमके ड्रॉइंगच वजा झाले होते. भिंतीवर पडलेल्या त्या पिवळ्या-करड्या उजेडात कोणाला ते सापडले नसते. मागच्या रांगेतल्या गृहस्थांनी जे नव्हते ते नाही असे सांगितले, एवढेच.

या संदर्भात एका छोट्या चित्रसमूहाचा उल्लेख राहून जाऊ नये. १९८४ साली झालेल्या अपघातानंतर गायतोंडे यांना काही वर्षे मोठे कॅनव्हास करता आले नाहीत. रोलर, पॅलेट नाइफ, उभा पट, थरावर थर देण्यासाठी लागणारे शरीराचे श्रम, यांतले काही शक्य नव्हते. १९८० च्या दशकाच्या मध्यावर त्यांनी कागदावर शाईने छोटी कामे केली. रंगाचा आधार काढून घेतल्यावर हा चित्रकार काय करतो, हे त्यांत दिसते. हातात पुन्हा रेघ येते. पण ही रेघ १९५० च्या दशकातली फिरायला निघालेली रेघ नाही. ती तुटक आहे, मध्येच थांबते, आणि तिच्या दोन तुकड्यांमधला कोरा कागद तिच्याइतकाच घट्ट वाटतो. तीस वर्षे थरांच्या कडा पाहिलेल्या माणसाने शाईची काडी उचलली की कागदाचा पांढरेपणाही त्याला थरच दिसत असावा. पुढे पुन्हा जे मोठे कॅनव्हास झाले त्यांतील रूपांशी या रेघांचा संबंध काय, हा शोध चित्रे शेजारी-शेजारी ठेवूनच घ्यावा लागेल. त्या निवृत्त शिक्षकांना मला आता प्रथम दाखवायची असतील तर ही शाईची कामे. कॅनव्हास त्यांच्यानंतर, आणि शक्य झाले तर भिंतीवरच्या उजेडात नव्हे, प्रत्यक्ष, हातभर अंतरावरून.